रेलगाडीच्या रंगाखालचा तळफळा

मित्रांनो, आमच्या शाळेच्या पहिल्या खोलीत शिरलात की डाव्या हाताच्या भिंतीवर तुम्हाला एक रेलगाडी दिसेल. निळं इंजिन, पिवळे डबे, प्रत्येक डब्याच्या खिडकीत एक अक्षर. इंजिनाला दोन मोठे डोळे आहेत आणि ते सदानकदा हसत असतं. शाळेत येणारे पाहुणे तिच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतात आणि म्हणतात, वा, किती छान. ती रेलगाडी म्हणजे मी नव्हे. मी तिच्या खाली आहे.

मी एक जुना तळफळा आहे. शहरातल्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मोठा फळा गुरुजींच्या उंचीचा असतो आणि त्यावर गुरुजी लिहितात. तळफळा असतो भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून पहिलीतल्या लेकराचा हात पुरेल तिथपर्यंत रंगवलेला काळा पट्टा. त्यावर लेकरं लिहितात, बसून, गुडघ्यावर उभी राहून, कधी कधी पोटावर पडूनसुद्धा. मला खिळा नाही की चौकट नाही. भिंत हेच माझं अंग.

आमचं गाव चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून. शाळा चौथीपर्यंतची, खोल्या दोन, शिक्षकही दोनच. मला घडवलं ते थोरल्या शिक्षकांनी, म्हणजे लीलाधर गुरुजींनी. ते आमच्याच तालुक्यातले, धानाची शेती असलेल्या घरातले. आधी सायकलवर यायचे, मग मोटरसायकलवर येऊ लागले, पण उशिरा कधी आले नाहीत. शिकवायला वाईट नव्हते. मात्र नवीन काही निघालं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. प्रशिक्षणाला जायचे, मागच्या रांगेत बसायचे आणि मिळालेली पुस्तिका आणून कपाटात ठेवायचे. ती पुस्तिका मग उंदरांच्या वाट्याला यायची.

"धुरपताबाई," ते खिचडी शिजवणाऱ्या बाईंना म्हणायचे, "योजना येते, चहा पिते आन निंगून जाते. आपन इथंच राहतो."

धुरपताबाई दारात बसून तांदूळ निवडत असायच्या. त्या म्हणायच्या, "मले त चहाबी नाही भेटत, गुरुजी."

अशातच एकदा वरून फर्मान निघालं आणि तालुक्यातल्या शिक्षकांना गाडीत बसवून दुसऱ्या जिल्ह्यातली एक शाळा पाहायला नेलं. गुरुजी कुरकुरत गेले. परत आले ते मात्र गप्प. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर ते रिकाम्या खोलीत या भिंतीकडे बघत उभे होते. धुरपताबाई भांडी घासून आत आल्या.

"काऊन जी, काही सांडलं का भिंतीवर?"

"नाही वं. त्या शाळेत फळ्याजवळ मास्तरच नवता. पोट्टेच होते. भिंतीवर लिहून राहिले होते अन मास्तर खाली बसून वाचून राहिला होता."

"मंग पगार कोनाले भेटते? पोट्ट्यायले?"

गुरुजी हसले नाहीत. पुढच्या रविवारी ते देवरीहून काळा रंग घेऊन आले. भिंत पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली. मग वस्तीतली पहिलीची लेकरं गोळा केली आणि एकेकाला भिंतीशी उभं करून हात वर करायला लावला. सगळ्यांत बुटक्या लेकराचा हात जिथं पुरला तिथं त्यांनी रेघ मारली. रंगाचे दोन हात द्यायचे होते, त्यांनी तिसराही दिला. रंग वाळल्यावर पांढऱ्या रेघांनी चौकोन पाडले, प्रत्येकाला आपापला. त्यांची नखं पुढे बरेच दिवस काळी होती. तशाच नखांनी ते एका लग्नालाही जाऊन आले म्हणतात.

मित्रांनो, त्या दिवसांइतके चांगले दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत. खडूची भुकटी माझ्या अंगावर इतकी साचायची की संध्याकाळी मी काळ्याचा पांढरा व्हायचो. ज्या गुरुजींनी सारी उमर खुर्चीवर काढली, ते आता खाली बसू लागले. बसताना त्यांचे गुडघे कडकड वाजायचे आणि लेकरं फिदीफिदी हसायची. अधिकारी यायचे, माझे फोटो काढायचे, गुरुजींची पाठ थोपटायचे. शेजारच्या गावांतले शिक्षक मला पाहायला आले. गुरुजी लाजून म्हणायचे, "काही नाही जी, असंच केलं." पण मी भिंतीला चिकटलेला असलो तरी आंधळा नव्हतो. त्यांचा चेहरा खुलला होता. पुस्तिका वाचताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

पण वरच्यांचं मन फार दिवस एका जागी रमत नाही. दोन-तीन वर्षांत माझं कौतुक मागे पडलं. नवा कार्यक्रम आला, नवं नाव, नवी पोस्टरं. ती भिंतीवर लागली. मग आणखी एक आला आणि आधीची पोस्टरं काढून ठेवायला सांगितलं. गुरुजींच्या खिशात मोठा मोबाइल आला आणि त्याच्या मागोमाग माहिती मागणारे निरोप. हे भरा, ते पाठवा, तातडीने. आमच्या खोलीत रेंज येत नाही. गुरुजी मोहाच्या झाडाखाली जाऊन हात वर करून उभे राहायचे आणि आत लेकरं माझ्या अंगावर रेघोट्या ओढत बसायची. कोरोनात तर शाळेलाच कुलूप लागलं. त्या काळात मला बोलायला फक्त पाली होत्या.

नीतू आली ती कुलूप निघाल्यानंतर. जंगलाच्या अंगाला जो टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे तिथून ती आजीचं, म्हणजे सुशिलाबाईंचं, बोट धरून यायची. घरी गोंडी बोलायचे. शाळेतली मराठी तिच्या कानाला परकी, आणि गुरुजींना गोंडी येत नव्हती. त्यामुळे दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. हजेरीच्या वेळी ती 'हजर' म्हणायची नाही, नुसता हात वर करायची. वर्गातली लेकरं सांगायची, "गुरुजी, ते मुकी हाये." पण मुकी कुठली! मधल्या सुट्टीत टोल्यावरच्या पोरींबरोबर तिची अशी काही चिवचिव चालायची की शेवटी धुरपताबाईंना ओरडावं लागायचं.

तिचा चौकोन दाराजवळच्या कोपऱ्यात होता. आधी नुसत्या रेघा, मग गोल, मग शिंगं असलेली काहीतरी जनावरं. गुरुजी रोज तिच्या चौकोनापुढे बसायचे आणि गंभीरपणे वाचायचे. "हे बकरी, हे तुझी आजी, अन हे? हे मी?" ती मान हलवायची. हळूहळू जनावरांच्या शेजारी अक्षरं उमटली. चुकलेलं अक्षर गुरुजी पुसायचे नाहीत. शेजारी बरोबर अक्षर काढून पुढे सरकायचे. तोंडातून मात्र शब्द नाही. गुरुजी धुरपताबाईंना म्हणाले, "या पोरीचं तोंड हातात हाये. आपन घाई नाही करायची."

ती दुसरीत असतानाची गोष्ट. गुरुजी मोठ्या फळ्यावर वजाबाकी समजावत होते. नीतू उठली, त्यांच्याजवळ गेली आणि तिनं त्यांच्या सदऱ्याचं टोक ओढलं. तोवर तिनं गुरुजींना कधी हात लावला नव्हता. गुरुजी वळले. तिनं माझ्याकडे बोट केलं. दाराजवळच्या चौकोनात लिहिलं होतं, 'खिचडी जळली'.

गुरुजी हरखूनच गेले. "अरे वा! दोन शब्द! पुरं वाक्य! कोनी सांगितलं तुले हे लिवाले?" त्यांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. नीतू मात्र पाय आपटत दाराकडे बघत होती. टाळ्या थांबल्या तेव्हा कुठे गुरुजींच्या नाकात वास शिरला. धुरपताबाई बोरिंगवर पाणी आणायला गेल्या होत्या. गुरुजी धावत सुटले, मागून सगळा वर्ग. वरची खिचडी वाचली, खालची खरवडून टाकावी लागली. धुरपताबाई आधी सगळ्यांवर डाफरल्या आणि मग पहिलं ताट नीतूपुढे ठेवलं.

त्या दिवशी पोरीला कळलं की आपण लिहिलं तर माणसं धावतात. मग काय विचारता! दाराजवळचा चौकोन म्हणजे शाळेचं वर्तमानपत्रच झालं. 'बकरी व्याली. दोन.' 'आजीचा पाय दुखते.' 'धुरपताबाईनं आज मीठ जास्त टाकलं.' कचारगडच्या यात्रेहून आली तेव्हा तिनं शेजारच्या दोघांचे चौकोन मागून घेतले आणि लिहिलं, 'गुहेत ओरडलं त कोनीतरी परत ओरडते. मी लय वेळा ओरडली.' ते वाचून गुरुजी बराच वेळ उठलेच नाहीत.

त्याच वर्षी दुसऱ्या शिक्षकांच्या जागी पुष्पांजली मॅडम आल्या. गोंदिया शहरात वाढलेल्या, नवीन नोकरी, उत्साह मावेना. घरी हिंदी बोलायच्या, आणि राग आला की शाळेतही. पहिल्याच दिवशी त्यांनी नीतूचा चौकोन पाहिला आणि ओल्या फडक्याने चुकलेले शब्द दुरुस्त करायला बसल्या. गुरुजींनी त्यांना थांबवलं.

"राहू द्या, मॅडम. आधी तिले बोलू द्या. शुद्ध मागून होते."

मॅडमनी फडकं खाली ठेवलं. पुढे त्याही रोज खाली बसायला लागल्या. प्रशिक्षणात ऐकलेल्यापेक्षा हे वेगळं आहे, असं त्या म्हणायच्या. पण वर्षभरात त्यांचाही चेहरा उतरलेला दिसू लागला. "गुरुजी, मी शिकवायला आली होती, आन दिवसभर माहिती भरून राहिली," त्या म्हणायच्या. गुरुजी म्हणायचे, "सवय होते." मला ते उत्तर तेव्हाही आवडलं नव्हतं.

याच सुमारास गावात पिवळी व्हॅन येऊ लागली. रस्त्यावरच्या गावात इंग्रजी शाळा निघाली होती, तिची व्हॅन. एकेक करून लेकरं तिच्यात बसू लागली. आमची पटसंख्या घसरली. पट फार कमी झाला की शाळा बंद करून दुसऱ्या शाळेत मिसळतात, हे तुम्ही ऐकलं असेल. ते झालं असतं तर टोल्यावरच्या लेकरांना जंगलातून लांब चालावं लागलं असतं. गुरुजींना त्याची खरोखर धास्ती होती, हे मला नाकारायचं नाही.

शाळा समितीचे अध्यक्ष योगराजभाऊ एक दिवस खोलीत आले. माणूस मनानं वाईट नाही, शाळेसाठी धडपडणारा. कमरेवर हात ठेवून त्यांनी माझं कोळशासारखं काळं अंग वरून खाली न्याहाळलं.

"गुरुजी, हे का हाये? शाळा हाये का कोरशाचं गोदाम? पलीकडच्या गावात पाहा, भिंतीवर रेल काढून राहिले. लोकं गाडी थांबवून फोटो काढतेत. सुंदर शाळेची स्पर्धाबी हाये यंदा. आपन असेच बसून राहाचं का?"

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगितलं की सुट्टीत भिंत रंगवायची आहे.

"पूर्ण भिंत? तळफळा पण?"

"हो."

"गुरुजी, आणि नीतू?"

"मोठा फळा हाये न."

"ती सगळ्यांसमोर मोठ्या फळ्याजवळ जाते का? तुम्हाला माहीत आहे. ये किसने बोला आपको?"

"वरून आदेश हाये," गुरुजी म्हणाले.

आमच्याकडे 'वरून' म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. मॅडम पिशवी उचलून गोंदियाला निघून गेल्या. मीही मनात म्हटलं, आदेश आहे, गुरुजी तरी काय करणार! वरच्यांनीच मला घडवायला लावलं होतं, वरचेच मिटवायला लावत असतील. मला वरच्यांचा राग आला. गुरुजींची मला कीव आली.

रंगवायला मोनू पेंटर आला. त्याच्याआधी गुरुजी स्वतः ओलं फडकं घेऊन बसले आणि त्यांनी एकेक चौकोन पुसला. दाराजवळचा शेवटी राहिला. नीतूनं लिहिलं होतं, 'उद्यापासून सुट्टी. खडू इथंच ठेवला.' खरंच, खाली कोपऱ्यात तिचा खडू होता. गुरुजींनी अक्षरं पुसली आणि खडू उचलून खिडकीत ठेवला.

"गुरुजी, इसके ऊपर दो हाथ मारना पड़ेगा," मोनू म्हणाला. "काला बहुत पकड़ के बैठा है."

"मारा," गुरुजी म्हणाले.

आधी पांढरं अस्तर, मग तेलरंग. डोळ्यांपुढे अंधार झाला. त्या दिवसापासून मी फक्त ऐकतो.

सुट्टी संपली. लेकरं रेलगाडी पाहून नाचली, डब्यांवरून हात फिरवून ओरडली. मी त्यांच्यावर रागावलो नाही, रंगीत गाडी कुणाला आवडत नाही? मग दाराजवळच्या कोपऱ्यात कोणीतरी हळूच येऊन बसलं. खडू टेकल्याचा टक असा आवाज आला. पण पुढची घासण्याची खरखर आली नाही. तेलरंगावर खडू धरत नाही, मित्रांनो, घसरतो. पुन्हा टक. पुन्हा घसरला. तिनं खडूचं टोक थुंकीनं ओलं करून पाहिलं असावं, कारण थोडा वेळ गेला आणि मग जरा वेगळा आवाज आला. नंतर ती उठली. खडू पेटीत पडल्याचं मी ऐकलं.

गुरुजींनी तिला नवी वही दिली, पेन्सिलही दिली. "याच्यात लिव बेटा, जसं भिंतीवर लिवत होतीस तसंच." पण वही म्हणजे गृहपाठ, वही म्हणजे तपासणी. मिटली की कुणाला दिसत नाही आणि कोणी धावत येत नाही. ती वही कोरी राहिली. मोठ्या फळ्याजवळ बोलावलं की तिची पावलं वाजायची नाहीत. वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली, मोबाइलवर नोंदवायची. लेकरानं समोरचा उतारा मोठ्यानं वाचायचा आणि गुरुजींनी स्तर दाबायचा. नीतूची पाळी आली, पण तिचा आवाज काही आला नाही. गुरुजींनी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. बाहेर रांग खोळंबली होती. शेवटी त्यांनी सगळ्यांत खालचा स्तर दाबला. बोट लावल्याबरोबर मोबाइल टुणकन वाजतो. तो आवाज मला अजून आठवतो.

स्पर्धेत आमच्या शाळेचा नंबर आला. योगराजभाऊंनी पेढे वाटले. व्हॅनमधून परत कोणी आलं नाही, पण आणखी कोणी गेलंही नाही. शाळा टिकली. म्हणजे जे मिळवायचं होतं ते काही अंशी मिळालं, असं म्हणावं लागेल.

उन्हाळ्यात सुशिलाबाई आल्या. नीतूला आश्रमशाळेत टाकते म्हणाल्या. "तिथं खानं-राहनं होते, गुरुजी. इथं त ते आता काहीच करत नाही म्हनते. आंधी घरी येऊन कोरशानं भिंती रंगवे, आता तेबी सोडलं तिनं. काऊन झालं असं?"

गुरुजींनी दाखला लिहून दिला.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पावसाळ्याच्या मध्यावर केंद्रप्रमुख भेटीला आले. चंद्रकुमार साहेब. खोलीत शिरल्या शिरल्या ते म्हणाले, "इथं खाली तळफळा होता न? मुलं फार छान लिहायची. मी बाकी शाळांना तुमचं नाव सांगून राहिलो होतो. कुठं गेला?"

पुष्पांजली मॅडम फणकारल्या. "तुमचाच आदेश होता न सर! वरून आला होता."

"माझा? नाही, मी तर असं काही म्हटलं नाही. भिंती सुंदर करा म्हटलं होतं. तळफळा झाका असं कोण म्हणेल?" साहेबांचा आवाज खरोखर गोंधळलेला होता. "वरून तसं काही असतं तर माझ्याच हातून गेलं असतं."

साहेब चहा घेऊन निघून गेले. त्यांच्या गाडीचा आवाज विरल्यावर मॅडम म्हणाल्या, "गुरुजी?"

गुरुजी खाली बसले, हे मला गुडघे वाजले त्यावरून कळलं.

"मले कोनीच नवतं म्हटलं," ते म्हणाले.

"मग?"

"मॅडम, नोकरी लागली तवा मीबी तुमच्यावानीच होतो. आनंदानं शिकवाची एक रीत बसवली, ते बंद करा म्हटलं. दुसरी बसवली, तेबी बंद. कशात जीव लावला का ते काढून नेतेत. मंग मी जीव लावनंच सोडलं. याच्यात मात्र लागला. पोरगी लिवत जाय अन मले भीती वाटत जाय, हेबी घेऊन जातीन एक दिवस. योगराज बोलला तवा वाटलं, आता आलीच वेळ. कोनी येऊन पुसन त्याच्यापेक्षा आपल्याच हातानं पुसलेलं बरं. कोनी येतच नवतं, मॅडम. मीच होतो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. माझ्या अंगावर कोणी घाव घातला असता तर मी सोसला असता. पण ज्यानं तीन हात देऊन मला काळं केलं, त्यानंच न आलेल्या माणसाला भिऊन मला झाकलं, हे सोसवत नाही.

मॅडम म्हणाल्या, "खरवडून काढू." दोघांनी धुरपताबाईंचं खिचडीचं उलथणं आणून खरवडलं. रंग निघेना, प्लास्टर मात्र ढेपळं होऊन पडलं. माझ्या अंगाचा एक तुकडाही त्याबरोबर गेला. तेव्हा गुरुजींनी हात थांबवला आणि पुढच्या रविवारी व्हरांड्याच्या बाजूनं याच भिंतीवर नवा तळफळा रंगवला. तो माझ्या पाठीला पाठ लावून आहे. लेकरं लिहितात तेव्हा खडूची खरखर माझ्यापर्यंत पोचते आणि तिच्यावरून मला अक्षरं ओळखता येतात. यंदाची लेकरं चांगलं लिहितात असं मॅडम म्हणतात. गुरुजी रोज खाली बसतात. त्यांची निवृत्ती आता जवळ आली आहे.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी सुशिलाबाई कसल्याशा सहीसाठी आल्या. आश्रमशाळेला आधीच सुट्टी लागली होती, त्यामुळे नीतू बरोबर होती. व्हरांड्यात गुरुजींचा आवाज एकदम बदललेला मला कळला.

"नीतू! ये, ये. केवढी मोठी झाली वं. हे पाहा, तळफळा. तुझ्यासाठी... तुमच्यासाठीच केला. घे खडू. लिव काहीबी."

आणि मग मी तिचा आवाज ऐकला. शाळेत, गुरुजींशी बोलताना, पहिल्यांदा. स्वच्छ, मोठा, अगदी वर्गात उभं राहून बोलावं तसा.

"काय लिहू, सर?"

"मनातलं लिव. जे वाटन ते."

"सर, काय लिहायचं ते सांगा न. आमच्या शाळेत सर फळ्यावर लिहून देतात, आम्ही वहीत उतरवतो. माझं अक्षर सगळ्यांत चांगलं आहे."

मग खडूची खरखर आली, सावकाश, एकसारखी. कोणा पहिलीच्या पोरानं सकाळी लिहिलं होतं, 'माझा बैल लंगडते'. तिनं त्याच्याखाली तेच वाक्य उतरवून काढलं.

"लय सुंदर अक्षर झालं," गुरुजी म्हणाले आणि आत खोलीत आले. रेलगाडीला पाठ टेकून ते उभे राहिले. त्यांचा श्वास मला जाणवत होता, इतके ते जवळ होते.

मित्रांनो, मला उघडं करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस झाले. तुम्ही मोठे व्हाल, कोणी शिक्षक व्हाल, कोणी साहेब, कोणी योगराजभाऊंसारखे समितीत बसाल. तुमच्या हातून कधीतरी एखादी चांगली गोष्ट घडेल, आणि ती कोणी काढून नेईल अशी भीती तुम्हाला वाटेल. तेव्हा थांबा. दारात खरोखर कोणी आलं आहे का, ते आधी बघा. आलंच असेल तर त्याला सांगा, इथं एक लेकरू लिहीत आहे, त्याचं लिहून होऊ द्या.

आमच्या गुरुजींनी तेवढं सांगितलं असतं तर कोणी त्यांना नाही म्हटलं नसतं.